वाचकांचे प्रश्न : भरती-ओहोटीच्या गोंधळात समुद्राची वाढ कशी सापडते?

मुंबईला भरती-ओहोटीत चार-चार मीटरचा फरक पडतो. मग समुद्र वर्षाला एक-दोन मिलिमीटरने वाढतोय हे कोणत्या पट्टीने मोजतात?
— एक वाचक, अलिबाग

पट्टी साधीच असते. कष्ट आहेत ते सरासरी काढण्यात, आणि त्याहून जास्त पट्टीचं शून्य जागच्या जागी ठेवण्यात.

आधी सरासरीचं बघू. तासाला एक नोंद धरली तर तीस दिवसांच्या महिन्यात ७२० नोंदी होतात. भरती जेवढी वर जाते तेवढीच ओहोटी खाली येते, त्यामुळे सरासरीत दोन्ही बव्हंशी कटतात. काटेकोर काम करणारे सलग ३९ तासांच्या नोंदींना ठरावीक वजनं देऊन आधी रोजची पातळी काढतात, मग महिन्याची, मग वर्षाची. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला समुद्रपातळीच्या नोंदींचं एक जागतिक केंद्र आहे; तिथे १९३३पासून जगभरच्या बंदरांच्या मासिक सरासऱ्या जमा होतात. तिथला नियम कडक आहे. पंधरा किंवा जास्त दिवसांच्या नोंदी बुडाल्या असतील तर त्या महिन्याचा आकडा देत नाहीत, आणि किमान अकरा महिने हाताशी नसतील तर वर्षाचाही नाही. मुंबईच्या अपोलो बंदरची मालिका १८७८पासूनची आहे. हिंदी महासागरात इतकी जुनी नोंद क्वचितच सापडेल.

आता शून्य. जुन्या पद्धतीत धक्क्याला उभा पाइप बसवलेला असतो आणि त्यात फ्लोट तरंगतो. नव्या रडार यंत्राचा सेन्सर पाण्याच्या वर टांगलेला असतो आणि तिथून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो. दोन्ही यंत्रांना ‘समुद्रपातळी’ कळत नाही, कळतं ते फक्त स्वतःपासूनचं अंतर. धक्क्याची दुरुस्ती निघाली, सेन्सरचा ब्रॅकेट काढून परत बसवला आणि तो दोन सेंटिमीटर वर गेला, की वीस मिलिमीटरचा फरक पडला. मुंबईत विसाव्या शतकातला वाढीचा वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर होता. म्हणजे एका पाना-बोल्टने वीस वर्षांची वाढ पुसली, किंवा नसलेली दाखवली!

म्हणून स्टेशनच्या आसपास, पक्क्या खडकात किंवा जुन्या भक्कम बांधकामात, निदान पाच बेंचमार्क, म्हणजे उंचीच्या पक्क्या खुणा, ठेवतात आणि दरवर्षी लेव्हल (आडवी नजररेषा देणारी दुर्बीण) लावून यंत्राचं शून्य त्यांच्याशी ताडून बघतात. मागचा आणि पुढचा स्टाफ (उभी धरायची मोजपट्टी) लेव्हलपासून सारख्या अंतरावर, जाताना एकदा आणि येताना एकदा. जाण्या-येण्याच्या बेरजेत किलोमीटरमागे दोन-तीन मिलिमीटरहून जास्त तफावत निघाली, तर काम पुन्हा. एकच बेंचमार्क असेल आणि तोच खचला तर कळणारच नाही. पाचांतला एक खचला तर बाकीचे चार चुगली करतात.

यंत्र बरोबर चाललंय की नाही हे जागेवर कसं तपासायचं? फक्त भरतीच्या वेळी टाइड पोलशी (पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीशी) ताडून बघितलं तर पुरे का?
— स्थापत्य पदविकेचा विद्यार्थी, रत्नागिरी

नाही. भरती-ओहोटीचं एक पूर्ण चक्र, म्हणजे साडेबारा तास, दर पंधरा-वीस मिनिटांनी हाताने पातळी मोजा. शांत समुद्राचा, पण उधाणाचा (अमावास्या-पौर्णिमेजवळच्या मोठ्या भरतीचा) दिवस निवडा, म्हणजे पाणी भरपूर खालीवर होईल. मग आलेख काढा : उभ्या अक्षावर पाण्याची उंची, आडव्या अक्षावर यंत्र आणि हातची नोंद यांतला फरक. यंत्र निर्दोष असेल तर शून्यावर सरळ उभी रेघ येते. रेघ सरळ पण बाजूला सरकलेली असेल तर शून्य चुकलंय. तिरकी असेल तर मापाचं प्रमाण चुकलंय. चढताना एक आणि उतरताना दुसरी अशा दोन समांतर रेघा आल्या तर फ्लोटची दोरी किंवा चाक कुठेतरी अडतंय. आणि बिंदू लंबगोलावर बसले तर घड्याळ चुकलंय.

घड्याळाची चूक किरकोळ समजू नका. चार मीटरच्या उधाणाला मधल्या वेळात पाणी मिनिटाला सुमारे १.७ सेंटिमीटर चढतं. घड्याळ पाच मिनिटं चुकलं तर त्या क्षणाची नोंद आठ सेंटिमीटरने चुकते. महिन्याच्या सरासरीत ही चूक बरीचशी विरते, हे खरं. पण शून्याची चूक विरत नाही, ती प्रत्येक नोंदीत जशीच्या तशी बसते.

पाइपचं तोंडही बघा. लाटांचा हेलकावा आत येऊ नये म्हणून खालचं भोक मुद्दाम लहान ठेवतात, व्यास पाइपच्या साधारण एक दशांश. तिथे गाळ साचला किंवा शिंपले चिकटले की आतलं पाणी मागे पडतं, आणि भरती बुटकी, ओहोटी उथळ दिसते. खाडीच्या मुखाशी पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. पाइपात गोडं पाणी अडकलं आणि बाहेर खारं असलं, तर हलकं पाणी जास्त उंच उभं राहतं. भोकाच्या वर दोन मीटर निव्वळ गोडं पाणी असेल तर फरक पाच सेंटिमीटरपर्यंत जातो. रडारला पाइप लागत नाही, म्हणून ही कटकटही नाही.

आमच्या जेट्टीवर मी रंगाने खूण केली आहे. यंदाच्या श्रावणी पौर्णिमेला पाणी खुणेच्या वर गेलं. समुद्र वाढला, असं म्हणता येईल का?
— मालवण

नाही म्हणता येणार. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल (म्हणजे एक मिलिबार) घटला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर फुगतो. कमी दाबाच्या पट्ट्यात दाब दहाने उतरला तर दहा सेंटिमीटर, म्हणजे मुंबईच्या जुन्या वेगाने शंभर वर्षांची वाढ एका दिवसात. वारा आणि लाटा त्यावर आणखी. शिवाय चंद्राच्या कक्षेच्या १८.६ वर्षांच्या फेऱ्यामुळे मुख्य चांद्र भरतीची उंची सुमारे ३.७ टक्के कमी-जास्त होत राहते. सरासरी पातळी तसूभरही न हलता काही वर्षं भरती मोठी दिसते. याच कारणाने वीस वर्षांच्या आकड्यांवरून ओढलेल्या रेघेवरही आमचा भरवसा नाही. एल निन्योसारख्या (प्रशांत महासागर तापण्याच्या) काही वर्षांच्या चढ-उतारांना पुरून उरायला पन्नास-साठ वर्षांची अखंड मालिका हवी.

किनारा धुपणं हे प्रकरण वेगळं. वाळू गेली म्हणून पाणी आत आलं, यात समुद्र उंच झालाच असेल असं नाही.

समुद्र वर आला की जमीन खाली गेली, हे कसं ओळखतात?
— पुणे

एकट्या टाइड गेजवरून, म्हणजे वर सांगितलेल्या पातळी मोजणाऱ्या यंत्रावरून, ओळखता येत नाही, ते दोन्हींची बेरीज दाखवतं. हुगळीच्या मुखाजवळ डायमंड हार्बरला वाढ मुंबईच्या कितीतरी पट दिसते, कारण त्रिभुज प्रदेशाचा गाळ दबतोय. उलट स्टॉकहोमला समुद्र वर्षाला चारेक मिलिमीटरने ‘उतरतो’, कारण हिमयुगातलं बर्फाचं ओझं गेल्यापासून तिथली जमीन वर येते आहे. उपाय म्हणजे गेजच्या शेजारीच कायमचा जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा ठरवणारा) अँटेना बसवून काही वर्षं जमिनीची हालचाल मोजणं, आणि तो अँटेना बेंचमार्कशी लेव्हलने जोडणं. हे दुसरं काम राहून गेलं तर दोन चांगल्या यंत्रांचा एकमेकांशी संबंधच उरत नाही.

बातम्यांत ‘४.५ मीटरची भरती’ म्हणतात, आणि लिव्हरपूलच्या तक्त्यात मुंबईची पातळी ७ मीटरच्या आसपास दिसते. खरं काय?
— ठाणे

दोन्ही खरं, शून्यं वेगळी. भरतीच्या वेळापत्रकाचं शून्य मोठ्या ओहोटीच्या पातळीजवळ असतं, आणि मुंबईची सरासरी पातळी त्याच्या साधारण अडीच मीटर वर येते. लिव्हरपूलला मात्र उणे आकडे टाळण्यासाठी प्रत्येक स्टेशनचं शून्य सरासरीच्या सुमारे ७,००० मिलिमीटर खाली धरतात. त्यामुळे दोन स्टेशनांचे आकडे शेजारी ठेवून कुठला समुद्र उंच, हे ठरवू नका. तुलना करायची ती एकाच स्टेशनच्या वेगवेगळ्या वर्षांची.