बारा डॉलर, पण कोणते?

विनायक (नाव बदललंय) पहिल्यांदा आला तेव्हा जून लागला होता आणि माझ्या ऑफिसातला खिडकीचा एसी गार हवा सोडून बाकी सगळं देत होता. आवाज, थेंब, ओल्या गोणपाटाचा वास. तो खुर्चीत बसला, पण नजर सारखी त्या एसीकडे. बायको शेजारी, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"मॅडम, कॅरिबियनला आपल्या कामाला स्कोप आहे का? तिकडे जाऊन काम मिळेल का?"

रत्नागिरीत मी नोकरीधंद्याचा सल्ला देते, मला हा प्रश्न नवा नाही, फक्त देशाचं नाव बदलतं. इथे घरटी कुणीतरी गल्फला नाहीतर बोटीवर असतं. विनायक स्वतः सात वर्षं दोह्याला होता. आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड केलेला. परत येऊन दुकान टाकलं, ते चाललं नाही. मग गणपतीपुळ्याच्या बाजूला हॉटेलांची मेंटेनन्सची कामं. वय ३६. मावसभाऊ क्रूझवर, त्याची बोट कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटाला लागते. त्याने फोटो पाठवला: किनाऱ्यावर ओळीने हॉटेलं आणि मागे क्रेन. "इथे सगळ्या बिल्डिंगला एसी आहे, तू ये." आणि मग मुंबईचा एक एजंट भेटला.

एजंटच्या कागदावर 'कॅरिबियन आयलंड' एवढंच लिहिलं होतं. मी विचारलं, कुठलं बेट? तो म्हणाला, वेस्ट इंडिज. आपल्याकडे क्रिकेटमुळे हा घोटाळा पक्का झालाय. वेस्ट इंडिज हा संघ आहे, देश नव्हे. त्रिनिदाद वेगळा देश, बार्बाडोस वेगळा, जमैका वेगळा. प्रत्येकाचा पैसा वेगळा, परवाना वेगळा. कॅरिकॉम नावाच्या त्यांच्या गटातल्या देशांचे कुशल कामगार दाखला घेऊन एकमेकांकडे कामाला जाऊ शकतात, आपण नाही. विनायकच्या मनात होतं ते केमन तर स्वतंत्र देशही नाही, ब्रिटनच्या ताब्यातला प्रदेश आहे. तीन छोटी बेटं आणि २०२१च्या जनगणनेत जेमतेम ७१ हजार माणसं. आपल्या रत्नागिरी शहराएवढी.

मागणी आहे का? आहे. तिथला बराचसा कामगारवर्ग बाहेरचा आहे, जमैकन आणि फिलिपिनो सगळ्यात जास्त. बारमाही उकाडा, पर्यटन, सेव्हन माइल बीचवरची हॉटेलं आणि खाऱ्या हवेत कुजणारी यंत्रं. एसीवाल्याला काम संपायचं नाही.

पण 'जाऊन काम मिळेल का' याचं उत्तर नाही असं आहे. तिथे जाऊन काम शोधत नाहीत. आधी मालक लागतो. तो जागेची जाहिरात स्थानिक लोकांसाठी देतो, माणूस मिळाला नाही तर तुमच्या नावाने वर्क परमिट मागतो, आणि ते हातात आल्यावर तुम्ही विमानात बसायचं. परमिटवर त्या मालकाचं नाव आणि त्या कामाचं नाव. उद्या पटलं नाही तर शेजारच्या कंपनीत जाऊन उभं राहता येत नाही. नव्या मालकाने पुन्हा अर्ज करायचा. गल्फ पाहिलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळतं. विनायक हसला, "म्हणजे पुन्हा कफील." कफील म्हणजे गल्फमधला तो मालक, ज्याच्या नावावर कामगाराचा व्हिसा असतो.

मी तासभर बोलले. इन्कम टॅक्स नाही, पण जवळपास सगळं बाहेरून येत असल्याने दूध-अंडीही महाग. आठवडा ४५ तासांचा, त्यापुढे दीडपट. आरोग्य विमा मालकाने काढायचा, हप्त्याचा अर्ध्यापर्यंतचा भाग कामगाराकडून कापता येतो. मला वाटलं छान झालं. निघताना दारात बायको पहिल्यांदा बोलली.

"ह्यांनी पन्नास हजार भरलेत. सांगितलं नाही ना त्यांनी?"

मी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं या खुर्चीत बसून पैसे दिलेत का, हा पहिला प्रश्न मी शेवटीही विचारला नाही. माहिती द्यायची इतकी घाई की समोरचा माणूस का घाम पुसतोय हे दिसलं नाही. मला वाटलं, एसीमुळे.

पुन्हा बसवलं. एजंटची एकूण मागणी साडेचार लाख, त्यात 'वर्क परमिट फी' दोन लाख. बायकोच्या पाटल्या काढून ठेवल्या होत्या, पुढच्या आठवड्यात गहाण टाकायच्या. आता हे नीट ऐका, कारण अशी कागदपत्रं माझ्यासमोर वारंवार येतात. परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते, १९८३च्या उत्प्रवास कायद्याने. नाव ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. नोंदणी असलेला एजंटसुद्धा कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेऊ शकत नाही. आणि केमनमध्ये वर्क परमिटची फी भरणं मालकाचं काम आहे, ती कामगाराकडून वसूल करायला तिथल्या कायद्याची मनाई आहे. म्हणजे ते दोन लाख कोणाच्या खिशात जाणार होते, ते सांगायला नको.

पोर्टलवर त्या एजंटचं नाव नव्हतं.

त्याच्या पत्रात पगार 'ताशी १२ डॉलर' होता आणि कंसात 'महिना अडीच लाख'. मी विचारलं, कोणते डॉलर? विनायकने तिथूनच फोन लावला. एजंट म्हणाला, "डॉलर म्हणजे डॉलर, काय बारकाईने बघता." पण केमनचा स्वतःचा डॉलर आहे, आणि एका केमन डॉलरला १.२० अमेरिकन डॉलर असा दर ठरलेला आहे. ताशी १२ केमन डॉलर असतील तर महिन्याला २,३४० पडतात. अमेरिकन १२ असतील तर ते केमनचे १० झाले, महिन्याला १,९५०. रुपयांत चाळीस हजारांचा फरक, आणि तो एका न लिहिलेल्या शब्दात. अडीच लाख हा आकडा फक्त पहिल्या हिशोबात बसतो.

पन्नासातले तीस हजार महिनाभर फोन करून परत मिळाले. वीस गेले.

दुसऱ्या भेटीला तो एकटा आला, आणि गप्प होता. मी बायोडाटा मागितला. आपल्याकडचा ठरलेला मजकूर: कष्टाळू, प्रामाणिक, कोणत्याही वातावरणात जुळवून घेईन. खाली 'एसी मेकॅनिक कम इलेक्ट्रिशियन'. मी म्हटलं, दोह्याला नक्की काय काम करायचात? तो म्हणाला, "सगळंच." यापुढे गाडी जाईना. इंग्रजीत मुलाखत म्हटल्यावर तर त्याचा चेहराच उतरला. खरी भीती ही होती. काम मिळेल का, हे विचारत होता. मनात होतं, बोलायला येईल का.

एसी परत गळायला लागला होता. मी सहज म्हटलं, याला काय झालंय हो?

तो उठला. आधी हात लावला नाही, कान दिला. मग फिल्टर काढून उजेडात धरला, त्यातून पलीकडचं काही दिसत नव्हतं. मागच्या पाइपवर दोन बोटं ठेवली. "गॅस आहे, गेलेला नाही. कॉइल चोक आहे. ट्रेचं भोक बुजलंय म्हणून पाणी आत येतंय. आणि हा मागचा पत्रा बघा, खारं वारं लागून फिन्सचा भुगा झालाय. पुळ्याला आम्ही महिन्याला गोड्या पाण्याने धुतो, केमिकल जपून, नाहीतर ॲल्युमिनियम खातं. आउटडोअर शक्यतो समुद्राच्या तोंडाला लावत नाही."

मी लिहून घेत होते. त्याला म्हटलं, हाच बायोडाटा.

त्यातूनच नवा कागद तयार झाला: कुठल्या हॉटेलात किती खोल्या, किती टनाच्या सिस्टिम, दोह्यात डक्टिंगवर किती वर्षं, समुद्रकाठची यंत्रं कशी टिकवतो. 'कम इलेक्ट्रिशियन' मी खोडलं, त्यावरून आमचा वादही झाला. पण तिथे इलेक्ट्रिशियनला वेगळा परवाना लागतो, वायरिंग अमेरिकन कोडप्रमाणे चालतं, घरातला सप्लाय १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. आपल्या वायरमन लायसन्सचा तिथे उपयोग नाही. जे कागदावर सिद्ध करता येत नाही ते लिहून समोरच्याला शंका का द्यायची? एसीच्या कामातही ६० हर्ट्झचा फरक त्याला वाचून जावा लागला, ते त्याने यूट्यूबवर केलं.

मालक मिळाला तो एजंटमुळे नाहीच. दोह्यातला त्याचा जुना फिलिपिनो फोरमन ग्रँड केमनला होता. विनायकला हे ठाऊक होतं, फेसबुकवर दोघं मित्र होते, पण 'त्याला कसं विचारायचं' म्हणून दोन वर्षं विचारलं नव्हतं. एजंटला पन्नास हजार द्यायला संकोच नाही, ओळखीच्या माणसाला मेसेज करायला आहे. हा आपला स्वभाव मला अजून उलगडलेला नाही.

व्हिडिओ मुलाखतीची तालीम आम्ही माझ्या एसीसमोर केली, इंग्रजीत, यंत्राकडे बोट दाखवत. प्रत्यक्ष मुलाखतीत त्यांनी विचारलं की किनाऱ्यावरचा कंडेन्सर, म्हणजे एसीचं बाहेरचं युनिट, कसा सांभाळशील. त्याने पुळ्याचं सांगितलं. मग वादळाचं विचारलं. तिकडे १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा मोसम, २००४च्या सप्टेंबरात आयव्हन वादळाने ग्रँड केमनची दैना केली होती, त्यामुळे आउटडोअर युनिट पट्ट्यांनी जखडणं हा तिथे नेहमीच्या कामाचा भाग. विनायकने २०२०च्या निसर्ग वादळात छपरावरून उडालेल्या युनिटचा किस्सा सांगितला. इंग्रजी मोडकं होतं, पण त्यांना समजलं.

पत्र आलं: ताशी १२, पुढे स्पष्ट 'सीआय', म्हणजे केमन डॉलर. आनंदात उडी मारायच्या आधी मी फोरमनकडून महिन्याचा खर्च केमन डॉलरमध्ये मागवायला लावला. शेअरिंगची खोली ७५०, जेवण ४५०, बस आणि फोन १५०, विम्यातला त्याचा वाटा १००. परदेशी कामगाराचं पेन्शन नऊ महिन्यांनी सुरू होतं, तेव्हा आणखी पाच टक्के कापले जाणार. उरतात पावणेआठशेच्या आसपास, म्हणजे साधारण ऐंशी हजार रुपये. दोह्यात खोली-जेवण कंपनीचं असताना तो पंचावन्न हजार वाचवत होता. म्हणजे चांगलं, पण अडीच लाख नव्हे. बायकोने हा हिशोब स्वतःच्या वहीत उतरवून घेतला आणि म्हणाली, "मग मी शिवणाचा क्लास बंद करणार नाही."

मेडिकल, पोलीस दाखला, परमिट, वाटेतल्या विमानतळाचा ट्रान्झिट व्हिसा (लंडन असो वा मायामी, आधी विचारा, तिकीट नंतर) यात सात महिने गेले. परमिट एक वर्षाचं मिळालं. मी त्याला भारतीय उच्चायुक्तालयाचा फोन लिहून दिला. केमनचं काम जमैकातल्या किंग्स्टनहून पाहिलं जातं.

गेल्या महिन्यात त्याचा फोटो आला. एक कंडेन्सर, गंजून चाळणी झालेला. खाली लिहिलं होतं, "दोन वर्षांचा आहे मॅडम. पुळ्यापेक्षा वाईट." त्याखाली दुसरा मेसेज: "तुमचा फिल्टर धुतला का?"

बायको आली होती परवा. परमिट संपायला चार महिने राहिलेत, मालक पुढे वाढवणार का हे अजून कळलेलं नाही. पाटल्या हातात होत्या. तिला शिवणाच्या क्लाससाठी कर्ज घ्यायचंय, त्याचे कागद घेऊन आली होती, आणि बसल्या बसल्या म्हणाली, हा एसी अजून गळतोय.