एफडीला हप्ता नसतो

प्रश्न: सर, मी सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहे. वय ४७, पगार ३८ हजार. माझ्याकडे २०१० ची टाटा सफारी फोर बाय फोर आहे. मोहोळजवळ आमची डाळिंबाची बाग आहे. सफारीचा मागचा भाग कापून तिची पिकअप करायची इच्छा आहे, ऑस्ट्रेलियात करतात तशी. गॅरेजवाल्याने सगळं धरून साडेचार लाख सांगितलेत. आरसीची मुदत गेल्या वर्षी संपली, ते काम गाडी तयार झाल्यावर एकदमच करू म्हणतो. माल न्यायचं भाडं वाचेल (वर्षाला २५ फेऱ्या, फेरीला १,२०० रुपये). पैसे आईच्या एफडीतून घ्यावेत की पर्सनल लोन काढावं? आई ७१ वर्षांची आहे. बाबांच्या मागे तिला ९ लाख मिळाले होते. बँकेतल्या साहेबांनी त्यातून डबल होणारी एफडी काढून दिली. वर्षाला २ लाख असे दोन हप्ते भरलेत, तिसरा जानेवारीत आहे. बाकीचे ५ लाख साध्या एफडीत आहेत. हल्ली व्याज कमी येतं म्हणून आई कुरकुर करते, पण २० वर्षांनी ४० लाख मिळणार आहेत. बाँडच्या पहिल्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे.

उत्तर: गाडीचं आधी उरकून घेतो, कारण तिथे फार बोलण्यासारखं नाही.

हौस मला समजते. ऑस्ट्रेलियात या गाडीला यूट म्हणतात. रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी हवी, असं एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला कळवलं होतं म्हणे. त्यावरून जिलाँगच्या कारखान्यात लुईस बॅन्ट या तरुण डिझायनरने १९३४ मध्ये ही गाडी तयार केली. तुमचं पत्र त्याच जातीचं आहे. एक दिवस अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला, दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात क्रेट. सफारीची बॉडी वेगळ्या चासीवर बसवलेली असते, त्यामुळे मागून कापली तरी गाडी कोसळत नाही, हेही खरं. तुमचा गॅरेजवाला "होतंय की ओ सगळं" म्हणाला असेल, तर वेल्डिंगपुरतं तो बरोबरच बोलला.

पण ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त इंजिनिअर असं काम तपासून प्रमाणपत्र देतो आणि मग ती गाडी कायद्याने रस्त्यावर येते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने जी रचना ठरवली आणि आरसीवर जी नोंद आहे, तिच्याशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमची आरसी तर संपलेलीच आहे. नूतनीकरणाला आरटीओचा निरीक्षक गाडी समोर उभी करून बघणार, आणि कागदावरची सात-आठ सीटची बंद गाडी त्याच्यासमोर अर्धी उघडी उभी असणार. काम झाल्यावर एकदमच करू, हा क्रम जमणारच नाही. शिवाय नूतनीकरण लांबवण्याचे महिन्याला ५०० रुपये लागतात. वर्ष उलटलं असेल तर ६ हजार तिथेच गेले. उद्या मोहोळ रोडवर कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनीच्या हातात नकार द्यायला आयतं कारण आहे.

आता भाडं. २५ फेऱ्या, १,२०० रुपये, म्हणजे वर्षाला ३० हजार. स्वतःच्या गाडीने नेलं तर जाऊन-येऊन ७० किलोमीटर, सात लिटर डिझेल, सव्वासहाशे रुपये. वर्षाचे सोळा हजार. वाचले १४ हजार, तेही टायर, क्लच, सस्पेन्शनचा एक रुपया न धरता. साडेचार लाख भागिले १४ हजार, ३२ वर्षं. तेव्हा सफारी ४८ वर्षांची असेल. पर्सनल लोन काढलंत तर १३ टक्क्यांनी पाच वर्षं महिना १० हजारांवर हप्ता, पगाराचा चौथा हिस्सा. आणि कापलेली गाडी विकायला गेलात तर कागद जुळत नाहीत म्हणून भंगारवालाच घेईल. आरसी नूतनीकरण करा, मागच्या सीट दुमडा, बसतील तेवढे क्रेट न्या, बाकीच्याला भाड्याचा छोटा हत्ती बोलवा. गाडीचा विषय संपला.

आता जे तुम्ही विचारलेलंच नाही त्याकडे येतो.

एफडीला हप्ता नसतो. पैसे एकदा ठेवायचे, मुदत संपली की व्याजासह घ्यायचे. दरवर्षी जानेवारीत २ लाख मागते ती एफडी नव्हे. फोटोत स्पष्ट दिसतं. आयुर्विम्याची पॉलिसी आहे, मालक आई, विमा तुमच्या मुलाच्या आयुष्याचा, हप्ते १० वर्षं, मुदत २० वर्षं. वयावरून तुमचा मुलगा कॉलेजात असावा. त्याच्या कमाईवर घरात कुणाचं पोट नाही. घर ज्याच्या पगारावर चालतं, त्याच्या नावावर पत्रात एकही विमा दिसत नाही. आणि पैसे परत मिळतील तेव्हा आई नव्वदीला टेकलेल्या असतील.

"डबल" शब्दाचा मला आताशा राग येतो. १० वर्षांत २० लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी ४० लाख. पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ११ वर्षं, सरासरी साडेपंधरा. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की व्याजाचा अंदाजे दर निघतो. ७२ भागिले साडेपंधरा, जेमतेम साडेचार टक्के. जी साधी एफडी मोडून हे घेतलं, ती याहून जास्त देत होती.

पण परतावा राहू द्या, याहून मोठी गोष्ट आहे. अजून आठ हप्ते बाकी आहेत, म्हणजे १६ लाख. आईंकडे उरलेत ५. आणखी दोन हप्ते कसेबसे निघतील, त्यापुढच्याला अडकाल. त्या साहेबांना हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. सत्तरीच्या विधवा बाईच्या ९ लाखांवर वर्षाला २ लाखांची दहा वर्षांची पॉलिसी बसवली, कारण आयुर्विम्यात पहिल्या वर्षाचं कमिशन सगळ्यात जाडजूड असतं. आणि त्याच ५ लाखांतून साडेचार गाडीला काढू का, असं तुम्ही मला विचारताय.

आईंची कुरकुर मात्र अचूक आहे. ९ लाखांवर सात टक्क्यांनी महिना सव्वापाच हजार येत होते, आता तीन हजारांच्या आत येतात. घरात हिशोब एकट्या त्यांना कळला, आणि तुम्ही त्यांना ४० लाखांचं स्वप्न सांगून गप्प केलंत.

तिसरा हप्ता भरू नका. पॉलिसी घेतल्यावर ती परत करायला ३० दिवस असतात, ते कधीच गेले, म्हणून आता तक्रारीचा रस्ता. बाँडच्या पिशवीत प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची प्रत असते, ती काढा. त्यात आईंचं वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय ते बघा. अशा फॉर्मवर घरात बसलेल्या बाईला शेतीचे आठ-दहा लाख लिहिलेले मी पुष्कळदा पाहिलेत. असा आकडा सापडला तर तोच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आईंच्या नावाने लेखी द्या की एफडी सांगून विमा विकला, पूर्ण रक्कम परत हवी. प्रत बँकेलाही द्या आणि पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. नकारानंतर एक वर्षाची मुदत असते, फी नाही, वकील लागत नाही. फोनवर "मॅडम, बघतो" म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकून थांबू नका.

हे फसलं तर सरेंडर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी बंद करून मिळेल ते परत घेणं. दोन हप्ते भरून तिसऱ्या वर्षात सरेंडर केलं तर भरलेल्या रकमेच्या किमान ३५ टक्के मिळतात, म्हणजे ४ लाखांचे १ लाख ४० हजार. ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नियमांनी विशेष सरेंडर मूल्य त्याहून जास्त निघू शकतं, दोन्ही आकडे लेखी मागवा. नुकसान होईल. भरलेले वाया जातील म्हणून आणखी १६ लाख त्याच्यामागे घालणं मात्र सोलापुरी उन्हात डोकं उघडं ठेवून फिरण्यासारखं आहे.

राहिलेले ५ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. २०२३ पासून तिथे ८.२ टक्के मिळताहेत, दर तीन महिन्यांनी १०,२५० रुपये आईंच्या खात्यात. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, आधार घेऊन जा आणि ते काढून घ्या. तुमच्यासाठी ५० लाखांचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. परतावा देणारा टर्म प्लॅन कुणी दाखवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

हप्ता आईंच्या खात्यातून आपोआप वळता होत असणार. जानेवारीच्या आधी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बँकेत जाऊन तो आदेश बंद करायचा अर्ज द्या. जाताना आईंना बरोबर न्या, खातं त्यांचं आहे, सही त्यांचीच लागेल.