भुऱ्याशी बोलतो, आमच्याशी नाही

"मॅडम, घरात आम्ही दोन जिती माणसं असताना हा कुत्र्याशी बोलत बसतो. डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?"

आईने विचारलं. शेजारी वडील मोबाइल पालथा ठेवून टेबलाकडे बघत बसले होते. समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या घरांतून येतो. कुठे कुत्रा असतो, कुठे मांजर. ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत, कुत्र्याचं नावसुद्धा.

मुलगा एकोणीस वर्षांचा. 'नीट'ला ७२०पैकी ४१२ पडले, म्हणून ड्रॉप घेतलेला. दिवसभर क्लास, रात्री साडेआठला घरी. आईवडिलांशी 'हं' आणि 'नंतर जेवतो', एवढंच. मग गॅलरीत बसून भुऱ्याच्या कानामागे खाजवत अर्धा-अर्धा तास गप्पा. भुऱ्या गावठीच, चार वर्षांपूर्वी पावसात पार्किंगमधून उचलून आणलेला.

मुलाला एकट्याला भेटले. झोप बरी, मित्र आहेत, जेवण ठीक. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, तेही सरळ विचारलं; नव्हते. (तुमच्या घरात असं काही जाणवलं, तर माझ्यासारखीच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर लगेच फोन करा.) कुत्र्याशी बोलणं हा आजार नाही. बोरिस लेविन्सन नावाच्या अमेरिकन बालमानसतज्ज्ञाने तर आपला कुत्रा जिंगल्स उपचाराच्या खोलीत असू दिला होता आणि १९६२ साली त्यावर लेख लिहिला. मोठ्यांपाशी तोंड न उघडणारी मुलं त्या कुत्र्यापाशी मोकळी होत.

"भुऱ्याशीच का?" मी विचारलं. "तो विचारत नाही," मुलगा म्हणाला. हे आईबाबांना सांगू का, म्हटलं. खांदे उडवून 'सांगा' म्हणाला.

सांगून फारसा उपयोग झाला नाही. "म्हणजे आम्ही विचारायचंच नाही?" वडील उखडले. ते हिशेबखात्यातले, म्हणून त्यांना त्यांच्याच पद्धतीचं काम दिलं. आठवडाभर मुलगा दारातून आत आला की कोण पहिलं वाक्य काय बोलतं, ते वहीत टिपायचं. बाकी काही बदलायचं नाही.

पुढच्या वेळी वही आली. रकाने आखलेले, पट्टीने. सोमवार: मी, 'टेस्ट कशी गेली?' तो, 'हं.' मंगळवार: आई, 'रँक लागली का?' तो, 'नाही.' बुधवार: मी, 'एवढा उशीर?' खालच्या ओळीत त्यांनी भुऱ्याचीही नोंद केली होती. सातही दिवस एकच: 'शेपटी.'

वाचताना त्यांना हसू आलं. मग म्हणाले, "कुत्र्याला काय, कळत नाही म्हणून प्रेम करतो."

यात तथ्य आहे, असं मला वाटतं. कुत्र्याचं प्रेम बिनशर्त असतं असं सगळे म्हणतात, पण भुऱ्याच्याही अटी असणारच. फिरायची वेळ टळली की तो घर डोक्यावर घेतो. मार्कशीट तेवढी त्याच्या अटींत नाही. मला जास्त लक्षात राहिलं ते दुसरंच, आणि तेही वडिलांनी जाता जाता सांगितलेलं. गुरुवारी भुऱ्याने त्यांची नवी कोल्हापुरी चावून ठेवली. वडील 'हाकला त्याला' म्हणून ओरडले. मुलाने चप्पल भुऱ्याच्या नाकासमोर धरली, जरबेने 'नाही' म्हणाला, उरलेल्या चपला रॅकच्या वरच्या फळीवर ठेवल्या. पाच मिनिटांत भुऱ्याचं डोकं त्याच्या मांडीवर.

"मुलाचा राग किती वेळ टिकला?" मी विचारलं.

"पाच मिनिटं."

"आणि तुमचा? ४१२चा?"

ते गप्प झाले. आईच म्हणाली, "सात महिने झाले, मॅडम."

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसतज्ज्ञाने समुपदेशकासाठी बिनशर्त स्वीकार आवश्यक मानला. त्याचा अर्थ लाड नव्हे. चप्पल चावली की 'नाही' म्हणायचंच, चपला वर ठेवायच्याच. पण राग चपलेपुरता. हे त्या घरात एकाला जमत होतं, आणि तो एक म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार घेऊन ही मंडळी माझ्याकडे आली होती.

मी एवढंच सुचवलं, की तो घरात आल्यावर पहिला अर्धा तास अभ्यासाचा विषय नको. टेस्टचं रविवारी, एकदाच, तिघांनी बसून बोलायचं. (मग आम्हीही कुत्रा आणू का, असं विचारणाऱ्या पालकांना मी नाही म्हणते. ती दहा-बारा वर्षांची जबाबदारी आहे, मुलाला दुरुस्त करायचं यंत्र नव्हे.)

पहिले दोन आठवडे अवघड गेले. आईला बोलल्याशिवाय राहवेना, वडिलांना बोलायचं काय ते सुचेना. मुलगा संशयाने बघायचा. एकदा तर त्याने विचारलं म्हणे, "काय झालंय? कुणी गेलं का?"

शेवटच्या भेटीला वडील वही घेऊन आले. मी मागितली नव्हती. रकाने आता नव्हते, नुसत्या ओळी. शुक्रवारची त्यांनी बोट ठेवून दाखवली:

'मी काही बोललो नाही. चहा ठेवला. तो म्हणाला, बाबा, रविवारी भुऱ्याला रेबीजची लस द्यायचीय, येता का? तुम्ही धरलंत तर बरं, मला त्याच्याकडे बघवत नाही.'