डक स्टॅम्प घ्यायचाय? मग हे आधी वाचा

अमेरिकेत नव्याने आलात आणि पक्षी बघायचा नाद आहे, तर फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे बदकांच्या शिकारीच्या परवान्यासाठी केंद्र सरकार विकते ते चित्राचे तिकीट, जरूर घ्या. किंमत २५ डॉलर. १६ वर्षे आणि त्यावरच्या बदकशिकाऱ्यांना तो कायद्याने घ्यावाच लागतो, त्यामुळे बरेच पक्षीप्रेमी ‘हे आपलं काम नाही’ म्हणून लांब राहतात. मला ते पटत नाही. प्रत्येक डॉलरमधले सुमारे ९८ सेंट पाणथळ जागा विकत घेण्यात किंवा राखण्यात जातात, आणि त्या जागांवर बदकांबरोबर बगळे, चिखलात चरणारे पक्षीही जगतात. शिवाय प्रवेशशुल्क असलेल्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत तो पास म्हणून चालतो.

तिसरे गिऱ्हाईक तिकीटसंग्राहक. १९३४ सालचा पहिला स्टॅम्प ‘डिंग’ डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढला होता. आता चित्र दरवर्षी स्पर्धेतून निवडतात. संग्रहासाठी घेत असाल तर त्यावर सही करू नका, कोरा ठेवा. कागदी स्टॅम्प शिकारीला वापरायचा तर मात्र त्यावर शाईने सही लागते. टपालाला तो चालत नाही. मुदत १ जुलै ते ३० जून, तेव्हा जुलैतच घेतलात तर वर्षभर वापरता येईल. मुलांना चित्रकलेची आवड असेल तर मुलांच्या चित्रस्पर्धेतून निघणारा ५ डॉलरचा ज्युनियर स्टॅम्पही बघा.