कोकणातली पेज आणि ओडिशाचा पखाळ एकच का?

तुम्ही विचारलंय की पेज आणि पखाळ हा एकच पदार्थ आहे का आणि दोन्हीतलं चांगलं कुठलं. एकच नाहीये. दिसायला दोन्ही पाण्यातला भातच, पण ते पाणीच वेगळं आहे. माझं माहेर कुडाळकडचं आणि सासर ओडिया, त्यामुळे घरात दोन्ही होतं.

पेजेला उकडा तांदूळ हवाच. सालासकटचं भात आधी भिजवून उकडतात, वाळवतात, मग गिरणीवर नेतात, म्हणून तो दाणा कितीही शिजला तरी फुगतो पण त्याचा लगदा होत नाही, आणि मंद आचेवर त्याचं सगळं सत्त्व पाण्यात उतरतं. मीठ घालायचं आणि गरमच प्यायची. आमच्याकडे सकाळी दहा-अकराची वेळ म्हणजे पेजेची वेळ, लावणीच्या दिवसांत शेतावर टोपच जायचा, सोबत खारातली कैरी नाहीतर चुलीत भाजलेला सुका बांगडा. आजारी माणसाला वरची निवळ.

आता पखाळ बघा. आपण ज्या पाण्यासाठी एवढं करतो ते तिकडे भात शिजला की गाळूनच टाकतात! मग भात गार करायचा, त्यात साधं गार पाणी ओतायचं आणि रात्रभर ठेवायचा. सकाळपर्यंत तो आंबतो, दह्यात असतात तशाच जातीचे जीवाणू हे काम करतात, आणि पाण्याला हलका आंबटपणा येतो, त्या पाण्याला तोराणी म्हणतात आणि भात संपल्यावर ते शेवटी पितात. हा झाला बासी पखाळ. त्याच दिवशी खाल्ला तर सजा, दही कालवून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली तर दही पखाळ. पुरीला जगन्नाथाच्या नैवेद्यातही पखाळ असतो, आणि 20 मार्चला ओडिया लोक जगभर पखाळ दिवस साजरा करतात. आपल्या पेजेला असा मान कोणी दिला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तीही तेवढीच पोटभर कष्टकऱ्यांची न्याहारी आहे.

पखाळ तिकडे एवढा का रुजला? ओडिशात बलांगीर, टिटलागडकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, तिथे दुपारी गरम काही घशाखाली उतरत नाही. पण पुरीच्या दमट किनाऱ्यावरही पखाळ तेवढाच खातात, म्हणजे सगळं श्रेय उन्हाला देऊन चालणार नाही. मला वाटतं सकाळी चूल न पेटवता शेतावर निघता यायचं ही सोय मोठी असणार.

तोंडी लावणं मात्र बघाल तर भाऊबंदच, तिकडेही सुकी मासळी भाजूनच घेतात, तिला सुखुआ म्हणतात.

माझं मत विचाराल तर ताप आला, पाऊस लागला की पेज, तिला तोड नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पखाळ. पहिल्यांदा करणार असाल तर दही पखाळ करा, दोन-तीन तास भिजला तरी पुरतो, आणि सोबत बडी चुरा हवाच. उडदाच्या बड्या मिळाल्या नाहीत तर आपले साधे सांडगे भाजून लसूण, हिरवी मिरची, कांदा घालून जाडसर कुटा, पण वरून कच्चं मोहरीचं तेल घाला, तिथे शेंगदाण्याचं तेल घातलंत तर ती चव येणार नाही.