दर बदलला, पण गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जुनाच!

प्रश्न : चवथीसाठी माटोळीचं सामान नि नेवऱ्यांच्या ऑर्डरी आम्ही वेबसाइटवरून घेतो. सोमवारी नारळ ४५ चा ५५ केला. गेल्या चवथीनंतर दरांच्या फाइलला हात लागला नव्हता. साइट बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर ५५ दिसतात, वास्कोची गिऱ्हाइकं मात्र ४५ म्हणून भांडतात. तो म्हणतो, "त्यांना कॅश डिलीट करायला सांगा." किती जणांना सांगू? साइटचा पत्ता सोबत दिला आहे.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : एकालाही सांगू नका. कॅश म्हणजे ब्राउझरने फोनवर साठवून ठेवलेली साइटच्या फाइलींची प्रत. चूक तुमच्या सर्व्हरची, आणि फोन साफ करायचा गिऱ्हाइकाने?

तुमच्या साइटचे हेडर, म्हणजे फाइलीसोबत सर्व्हर पाठवतो त्या सूचना, मी 'कर्ल' या कमांडने तपासले. मुख्य पानाला 'नो-कॅश' आहे, हे बरं. दरांच्या जावास्क्रिप्ट फाइलला मात्र 'लास्ट-मॉडिफाइड'ची, म्हणजे शेवटच्या बदलाची, तारीख तेवढी आहे; प्रत कशी वापरायची हे सांगणारा 'कॅश-कंट्रोल' नाहीच. अशा वेळी ब्राउझर स्वतःच अंदाज बांधतो : फाइल जितके दिवस बदलली नाही, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके दिवस ती ताजी. तुमची फाइल सुमारे ३०० दिवस तशीच होती. म्हणजे सोमवारच्या आधी ज्याने ती उतरवून घेतली, त्याचा फोन महिनाभर सर्व्हरला विचारणारही नाही! साइटवाल्याच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधली तपासणीची अवजारं) 'डिसेबल कॅश'वर टिक असणार. त्याला कायम ताजंच दिसतं.

आज एवढंच करा : दरांच्या फाइलचं नाव बदला आणि पानात नवं नाव घाला. नवं नाव कोणाच्याच कॅशमध्ये नाही, त्यामुळे सगळ्यांना ५५ दिसतील. पुढच्यासाठी त्या फाइलला 'कॅश-कंट्रोल : नो-कॅश' लावा. नाव फसवं आहे. फाइल साठवली जातेच, पण वापरण्याआधी दर वेळी सर्व्हरला विचारलं जातं. ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) जुळला तर नुसतं ३०४, म्हणजे 'बदल नाही', असं उत्तर येतं, फाइल पुन्हा उतरत नाही. अजिबात साठवू नये असं हवं तर ते 'नो-स्टोअर'. फोटोंना खुशाल वर्षाचा 'मॅक्स-एज' (न विचारता प्रत वापरण्याची मुदत), ३१५३६००० सेकंद, द्या. फोटो बदलला की नाव बदलायचं. मी एकदा तो आकडा चुकून मुख्य पानालाच लावला होता. दुसऱ्या दिवशी हेडर सुधारला, पण ज्यांचे ब्राउझर विचारायलाच येत नव्हते, त्यांना तो कळणार कसा?

तुमच्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर एन्जिनेक्स दिसतं. त्याच्या सेटिंगमधल्या एखाद्या 'लोकेशन'मध्ये (ठरावीक पत्त्यांसाठीचा भाग) 'ॲड_हेडर', म्हणजे हेडर जोडण्याचा आदेश, लिहिला की वरच्या पातळीवरचे तसले सगळे हेडर तिथे गळतात. म्हणून बदलानंतर 'कर्ल' पुन्हा चालवायला लावा.

आणि ४५ ने आलेल्या ऑर्डरी ४५ नेच द्या. दर तुमच्याच साइटने सांगितला होता.