सोलापूरहून नऊ जण, दोन गाड्या, कोकण किनाऱ्यावर तीन रात्री तंबूत. तयारी काय करावी?

तंबू, शेगडी नंतर बघा, आधी पंचांग उघडा. जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास, आणि दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. म्हणजे उधाणाचं सगळ्यात वर चढणारं पाणी नेमकं तुम्ही गाढ झोपेत असताना येतं. सप्तमी ते नवमी भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, असतो. भरती कमी चढते आणि दिवेलागणीला येते, त्यामुळे पाणी कुठवर पोचतं ते बघूनच तंबू ठोकता येतो. रजा मागतानाच हे जुळवा, डिसेंबर-जानेवारीतली अष्टमी धरा.

काटक्या-शिंपल्यांची जी रेघ वाळूवर दिसते तिच्यामागे निदान तीस पावलं, सुरूच्या बनालगत तंबू लावा. माडाखाली मात्र नको, झावळ किंवा नारळ रात्रीही पडतो. जागा वाडीवाल्याला किंवा ग्रामपंचायतीला विचारूनच घ्या.

तंबूसोबत मिळणाऱ्या खुंट्या आपल्या काळ्या मातीत धरतात, पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, सुटतात. पिठाच्या रिकाम्या पिशव्या न्या. वाळू भरून तोंडाला दोरी बांधा आणि दीड फूट खोल आडव्या पुरा. तंबूला सहा लागतात. चौघांचा तंबू सामानासकट तिघांनाच पुरतो, म्हणजे तीन तंबू, अठरा पिशव्या. चारही बाजू ताणा, कारण दिवसा समुद्राकडून येणारा वारा रात्री उलटा, जमिनीकडून वाहतो.

रस्ता मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी असा, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे पाचला निघा, उजेडातच तंबू उभे राहायला हवेत. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. सपाटीची सवय असलेला चालक ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, ब्रेक तापतात आणि खाली पोचेपर्यंत धरेनासे होतात. पुढे गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या किनाऱ्याने जा. गुहागरकडे जायचं तर जयगड-तवसाळ फेरीबोटीत गाडी चढते आणि खाडीचा वळसा वाचतो. शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवा.

गाडी वाळूत घालूच नका. रुतलीच तर चाक फिरवत बसू नका, ते आणखी खाली जातं. हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू हातांनी काढा, पायपुसणी खाली घाला आणि हळूच बाहेर काढा. डांबरीवर येताच हवा पुन्हा भरायची, म्हणून पंप हवाच.

पिण्याला-रांधण्याला माणशी रोज चार लिटर पाणी, म्हणजे दिवसाला वीस लिटरचे दोन जार. कडक भाकरी आणि शेंगाचटणी उत्तम शिदोरी, पण भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दमट हवेत ती एका रात्रीत मऊ पडते. सोलापुरी चादर खाली अंथरा. पांघरली तर दव पिते आणि वाळता वाळत नाही.

वेळास, आंजर्ले बाजूला गेलात तर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे पुळणीवर तंबू, दिवा, शेकोटी काहीच नको. उजेड दिसला तर मादी अंडी न घालता परत फिरते, पिल्लं समुद्र सोडून दिव्याकडे चालू लागतात. गावात घरगुती मुक्काम करा.